विश्लेषण : ऐतिहासिक कथेतला नायक आधी ‘शिकाऊ’ का हवा?

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत ‘शिकाऊ उमेदवार’ हा शब्द रोजचा. आयटीआय झालेला पोरगा जुन्या कारागिराच्या हाताखाली राहतो, बोलणी खातो, मग मशीनला हात लावतो. मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या-सिनेमांत मात्र असा पोरगा क्वचितच भेटतो. तिथला नायक पाळण्यातूनच तलवार घेऊन उतरतो.

एक ठळक अपवाद आहे, तोही अमरावतीशी नातं सांगणारा. १९४४ चा प्रभातचा ‘रामशास्त्री’. मुख्य भूमिका गजानन जागीरदारांची. दिग्दर्शनात त्यांच्यासोबत राजा नेने आणि विश्राम बेडेकर. जागीरदार आणि बेडेकर, दोघंही जन्माने अमरावतीचे.

या नायकात वेगळं काय?

राम प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. आख्यायिका अशी की, मोठं वय होईपर्यंत शिक्षण नाही म्हणून ते साताऱ्यात अनगळ सावकारांकडे शागीर्द राहिले. मालकाच्या पायावर पाणी घालताना नजर त्यांच्या कानातल्या भिकबाळीवर खिळली आणि पाण्याची धार भलतीकडे गेली. असले दागिने घालायला विद्या तरी लागते नाहीतर पराक्रम, असा टोमणा बसला. राम थेट काशीला शिकायला निघाले.

‘शागीर्द’ या शब्दाचीही गंमत आहे. त्याचा अर्थ शिष्य, आणि हरकाम्या नोकरसुद्धा. अपमान दोघांच्याही वाट्याला येतो. रामने तो मालकावर उलटवला नाही, गिळलाही नाही. वयाची लाज सोडून अभ्यासाला बसला. शिकाऊ नायकाचा खरा गुण हाच. शौर्य नंतरचं.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्रींनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. हे धाडस पटतं, कारण याच माणसाच्या हातून कधीकाळी पाणी सांडलेलं आपल्याला माहीत असतं. सोळाव्या वर्षी पेशवा झालेल्या माधवरावांनाही, स्नानसंध्येपायी कारभार खोळंबतो म्हणून शास्त्रींनी सुनावल्याची गोष्ट सांगतात. माधवरावांनी ते ऐकलं. म्हणजे तिथे पेशवाच शिकाऊ!

तक्रार एकच. काशीतली वर्षं गोष्ट सांगणारे बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. पाठांतर कुठे अडलं, वयाने लहान विद्यार्थी हसले का, परत फिरावंसं वाटलं का? नांदगाव पेठच्या शिफ्टमधून सुटून मोबाइल उघडणाऱ्या पोराला भिकबाळीपेक्षा ही पानं जास्त वाचायची असतील.