कुंपणच शेत खाते तेव्हा

देडतलाईहून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या दिरांना मायस्थेनिया ग्रेव्हिस हा विकार जडला आहे. सकाळी माणूस बरा असतो. दिवस कलू लागला की पापण्या मिटू लागतात, एकाच्या जागी दोन दिसतात, घास गिळवत नाही. मुंबईत पेशींचा जो नवा उपचार निघाला आहे तो यास लागू पडेल काय, आणि त्यासाठी शेत विकावे काय, असे त्यांनी विचारले आहे. हा प्रश्न अनेक घरांचा असल्यामुळे उत्तर येथेच देत आहोत.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. रक्तातील बी-पेशींपासून जंतूंचा प्रतिकार करणारी प्रतिपिंडे तयार होतात. या विकारात मात्र प्रतिपिंडे आपल्याच शरीरावर उलटतात. मज्जातंतू स्नायूला जेथे हुकूम देतो, नेमकी तीच जागा ती अडवून धरतात. तंतू शाबूत, स्नायूही शाबूत; निरोप तेवढा पोचत नाही. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

नव्या उपचारात रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी काढून घेतात. प्रयोगशाळेत त्यांत एक जनुक घातले म्हणजे बी-पेशींवरील सीडी-१९ ही खूण त्यांना ओळखता येते. मग त्या वाढवून शिरेवाटे परत देतात आणि त्या बी-पेशींना हुडकून नष्ट करतात. यास कार-टी उपचार म्हणतात. मुंबईच्या आयआयटीने व टाटा स्मारक रुग्णालयाने मिळून तो भारतात सिद्ध केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यास सरकारी मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण झाला. परदेशात कोट्यवधी रुपयांना पडणारा हा उपचार येथे लाखांच्या घरात आला, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु ती मान्यता बी-पेशींच्या रक्तकर्करोगापुरती होती, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

प्रतिकारशक्ती उलटण्याच्या विकारांवर हाच मार्ग प्रथम जर्मनीत चोखाळला गेला. २०२१ साली एर्लांगेन येथील डॉक्टरांनी ल्यूपसच्या एका तरुणीचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे २०२३ साली माग्देबुर्ग येथून मायस्थेनियाच्या व २०२४ साली बोखुम येथून अंग ताठरविणाऱ्या एका दुर्मीळ मज्जाविकाराच्या रुग्णाची सुधारणा नोंदली गेली. आशा खरी आहे. पण हे अनुभव एकेका रुग्णाचे होते. शिवाय उपचारापूर्वी तीव्र औषधे द्यावी लागतात, तीव्र ज्वर व जंतुसंसर्ग यांचा धोका असतो, कधी मेंदूवरही परिणाम होतो.

म्हणून आमचे उत्तर स्पष्ट आहे: यासाठी शेत विकू नये. कोणी चाचणीत घेतो म्हणाल्यास भारताच्या चिकित्सा-चाचणी नोंदवहीतील तिचा क्रमांक विचारावा, संमतिपत्र आपल्या भाषेत वाचून घ्यावे आणि प्रयोगाच्या औषधाचे पैसे मागितल्यास तेथून उठावे. ‘पेशींची सुई’ म्हणून विकले जाणारे सर्वच कार-टी नसते.

दरम्यान हाताशी असलेले उपचार लहान नव्हेत. १९३४ साली लंडनमध्ये डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनने या रोग्याची शक्ती काही काळ परतते हे दाखविले. त्याच कुळातील पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या आज मिळतात. स्टिरॉइड व तत्सम औषधे, तसेच काही रुग्णांत छातीतील थायमस ग्रंथी काढणे, यांनी पुष्कळांचा संसार सुरळीत चालतो. मात्र गोळ्या मनाने बंद करू नयेत. ताप आला असता गावातील डॉक्टरांना रोगाचे नाव आधी सांगावे; जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या औषधांनी हा विकार एकाएकी बळावू शकतो. आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. श्वास अपुरा पडू लागला किंवा लाळही गिळवेना, तर सकाळची वाट न पाहता श्वासयंत्र असलेले रुग्णालय गाठावे. अशा वेळी रक्तद्रव बदलून किंवा शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन देऊन रुग्ण वाचविता येतो. देडतलाईच्या घरी गाडीची सोय आधीच ठरवून ठेवणे, हे आज सर्वांत निकडीचे काम आहे.