घरात 30 मिली की रस्त्यावर चपटी?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. शिव्या घालायच्याच असतील तर पूर्ण वाचून घाला.

मागच्या आठवड्यात आमच्या घरी एक कांड झालं. पुण्यात नोकरीला असलेला भाचा सुट्टीवर आला होता. रात्री जेवणाआधी गच्चीवर त्यानं सगळ्यांसमोर ग्लासात बर्फ टाकला, लिंबू पिळलं, जराशी व्होडका ओतली, वरून सोडा. आणि मला म्हणतो, "मामा, तुम्हाला करू का?"

माझी ताई, म्हणजे त्याची आई, एक शब्द न बोलता उठून खाली गेली. शेजारच्या गच्चीवरून काकांनी पाहिलं. सकाळी गल्लीत बातमी तयार. पत्रकाराच्या घरी आता अड्डा चालतो म्हणे.

हे काका आठवड्यातून तीनदा गावाबाहेरच्या ढाब्यावर 'बसतात'. मला कसं माहीत? शेजारच्या टेबलावर मी असतो ना!

तर मुद्दा हा आहे. आपल्या जिल्ह्यात माणूस पितो याचं कुणाला काही वाटत नाही. घरच्यांसमोर, उजेडात, मोजून पितो म्हटलं की सगळ्यांची अब्रू जाते.

आधी कायद्याचं बघू. आपल्या राज्यात दारूबंदी कायदा 1949 चा. तो झाला तेव्हा परभणी मुंबई राज्यात नव्हतीच, आपण हैदराबाद संस्थानातले. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि पुढं तो कायदा आपल्याही गळ्यात आला. त्या कायद्याप्रमाणं आजही दारू विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा देशीसाठी 2 रुपये, विदेशीसाठी 5. वर्षाचा 100, आयुष्यभराचा 1000. सांगा बरं, तुमच्यापैकी किती जणांकडं आहे? मी दुकानात परवान्याचं विचारलं तर काउंटरवरचा पोरगा माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी दुधाचं कार्ड मागितलं.

वयाचंही ऐका. बिअर-वाईनला 21, व्होडका-व्हिस्की-देशीला 25. म्हणजे 21 व्या वर्षी पोरगा लग्न करू शकतो, सरपंच होऊ शकतो, पण व्होडकाचा पेग घ्यायला त्याला खासदारकीच्या वयाचं व्हावं लागतं. भाचा 24 चा आहे. त्याला सांगितलं, "बाबा, तू अजून वर्षभर लिंबू-सोडाच पी." नियम येडा वाटला तरी नियम आहे.

आता सरकारचं माप बघा. जून 2025 ला मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं आणि किमान किमती ठरवल्या. देशी 80 रुपये, नवीन 'महाराष्ट्र मेड लिकर' 148, विदेशी 205. कशाच्या? 180 मिलीच्या. सरकारनं भाव सांगितला तोही चपटीचा! म्हणजे माणूस दारू प्यायला बसला की चपटी संपवणार, हे सरकारनंही धरलेलंच आहे.

आणि चपटी संपतेच. काऊन संपते? माणूस बेवडा आहे म्हणून नाही. ती घरी नेता येत नाही म्हणून. अर्धी उरली तर ठेवायची कुठं? डिक्कीत बायकोला सापडते, शेतातल्या आखाड्यावर गड्याला सापडते. मग उभ्या उभ्या, घाईघाईत, पाऊण तासात सगळी रिकामी करायची, बाटली नालीत फेकायची, तोंडात बडीशेप कोंबायची आणि गाडीला किक मारायची.

जरा हिशोब करू. आपल्याकडच्या व्होडकात 42.8 टक्के अल्कोहोल असतं. 30 मिलीच्या पेगात शुद्ध अल्कोहोल साधारण 10 ग्रॅम. चपटीत 60 च्या आसपास. लिव्हर तासाला 7 ते 10 ग्रॅम उरकतं. म्हणजे रात्री नऊला रिकामी केलेली चपटी पहाटेपर्यंत अंगात असते. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. 70 किलोच्या गड्यानं पाऊण तासात चपटी मारली तर तो मर्यादेच्या तिप्पट-चौपट जातो. पहिल्यांदा सापडला तर 10 हजार दंड किंवा 6 महिने कैद, किंवा दोन्ही. पण सापडायच्या आधीच कित्येक जण ट्रॉलीखाली जातात. उसाच्या सीझनमध्ये मागं लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या आपल्या रस्त्यांना काही नवीन नाहीत.

माझा एक पत्रकार मित्र असाच गेला. नाव लिहीत नाही, त्याच्या दोन पोरी आता मोठ्या झाल्यात आणि ही पोस्ट वाचतील. त्या संध्याकाळी ढाब्यावर मी त्याच्यासोबत होतो. तो म्हणाला, "घरी कळलं नाही पाहिजे, लवकर उरकू." लवकर उरकलं. तासाभरानं फोन आला. दुसऱ्या दिवशी दोन कॉलमी बातमी मीच लिहिली, 'अज्ञात वाहनाच्या धडकेत पत्रकाराचा मृत्यू'. त्यात दारूचा द नव्हता. खोटं काही लिहिलं नाही, पण खरंही लिहिलं नाही. वीस वर्षं आम्ही अशाच बातम्या लिहितोय. या ढोंगात माझाही वाटा आहे, म्हणून आज लिहायलोय.

आता भाच्यानं काय केलं ते नीट सांगतो. 25 पूर्ण असतील, परवाना असेल, गाडीची किल्ली घरात टांगलेली असेल तरच.

आधी पोटात काहीतरी घाला. मोठ्या ग्लासात बर्फ. त्यात अर्धं कागदी लिंबू, चमचाभर पिठीसाखर, चिमूटभर काळं मीठ. मग 30 मिली व्होडका. माप नसेल तर खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं झाकण घ्या, तीन झाकणं. अंदाजानं धार धरू नका, अंदाज कायम मोठाच होतो. वरून ग्लास भरेपर्यंत सोडा. एक ग्लास एक तास. झालं.

लिंबू तर आपल्याच घरचं आहे. 'विक्रम' आणि 'प्रमालिनी' या घोसानं लागणाऱ्या कागदी लिंबाच्या जाती आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या. पण लिंबाच्या नावावर खपणाऱ्या थापा आपल्या नाहीत. लिंबू चोखल्यानं दारू उतरत नाही, ती फक्त वेळेनं उतरते. व्होडकाला वास नाही म्हणून पोलिसाला कळत नाही, हेही खोटं. त्याचं मशीन वास घेत नाही, अल्कोहोल मोजतं. आणि आंबट-गोडात जळजळ लपते, म्हणून हा ग्लास सरबतासारखा घटाघट जातो. म्हणूनच मोजा.

उद्या कुणी म्हणेल, पत्रकार दारूची जाहिरात करायलाय. नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 ला स्पष्ट सांगितलंय की दारूची सुरक्षित अशी कोणतीच मात्रा नाही. पीत नसाल तर सुरू करू नका. हे त्यांच्यासाठी आहे, जे आज रात्रीही पिणारच आहेत.

राहिली ताई. दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोललो. तिच्या सासऱ्यानं दारूपायी चार एकर घालवली. सासूच्या हातावरचे वळ तिनं पाहिलेत. ती म्हणाली, "बाटली एकदा घरात आली ना, की ती जात नाही रे." माझ्याकडं याला उत्तर नाही. ज्या घरात मारहाण आहे, ज्याचा हात थांबत नाही, त्या घरात थेंब नको. त्याला माप नाही, उपचार लागतो. गावात दुकान नको असेल तर बायांनी आडवी बाटली करावी, मी त्यांच्या बाजूनं लिहीन. पण तिथंही सरकारची गंमत बघा. मतदानाला आलेल्या बायांच्या निम्म्या मतांवर भागत नाही, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आमदार निवडायला अशी अट लावून बघा बरं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. परवाना ठेवायचा असेल तर काउंटरवर खरंच मागा आणि वय तपासा, नाहीतर तो रद्द करा. रात्री तपासणी ढाब्यांच्या फाट्यांवर करा, चौकात हेल्मेटच्या पावत्या फाडून भागत नाही. दारूच्या पैशातला ठरलेला वाटा जिल्ह्यातच व्यसनमुक्तीवर खर्च करा. पुण्यात 1986 पासून 'मुक्तांगण' चालतं, पण आपल्या पालम-सोनपेठच्या बाईनं नवऱ्याला घेऊन दर वेळी पुणं गाठायचं का?

आणि आपण काय करायचं? लपवणं बंद करायचं. मी वर्षाचा परवाना काढलाय, बायकोला दाखवलाय. भाच्याची बाटली माझ्या कपाटात आहे. आठवडा झाला, अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.

ढाब्यावर वीस वर्षांत मी एकदाही बाटली शिल्लक राहिलेली पाहिली नाही.

काका, तुम्ही हे वाचत असालच. या एकदा गच्चीवर. पण काकूंना सांगून या.