संपादकीय : यादीतली जागा आणि खुर्ची



सदस्य-सरपंच बायकांच्या एका प्रशिक्षण वर्गात एकीनं विचारलं, "ताई, पुढच्या सोडतीत आमचं आरक्षण गेलं की मी काय करायचं? घरी बसायचं?" मी काहीतरी बोलले, पण उत्तर काही मला सापडलं नव्हतं. त्या दिवसापासून तेतोवोच्या तेऊता अरिफी माझ्या मनात आहेत.

तेतोवो हे उत्तर मॅसिडोनियातलं शहर, वस्ती बहुतांश अल्बेनियन. (अल्बेनियन म्हटलं की आपल्याला मदर तेरेसाच आठवतात. त्यांचा जन्म याच देशाच्या राजधानीतला, स्कोप्येचा.) तेऊता १९६९ साली तेतोवोत जन्मल्या. भाषा-साहित्य शिकल्या, वृत्तपत्रात काम केलं, स्त्रीवादावर लिहिलं, विद्यापीठात शिकवू लागल्या. आपल्या भाषेत विद्यापीठ असावं म्हणून त्यांच्या लोकांनी १९९४ मध्ये सरकारी मान्यतेविना ते सुरू केलं. १९९५ च्या फेब्रुवारीत पोलीस आले, एक जण जिवानिशी गेला. २००१ साली तर याच शहराभोवती बंदुका चालल्या. अशा गावात बाईनं आधी 'आपल्या समाजाचं' बोलायचं असतं, बाईचं नंतर. हे आपल्याला नवं नाही.

तेऊता राजकारणात आल्या त्या २००१ च्या बंडातल्या नेत्यांनी काढलेल्या पक्षातून. तो बराच काळ सत्तेत राहिलेला पक्ष. त्या खासदार झाल्या, २०११ मध्ये उपपंतप्रधान झाल्या आणि २०१३ मध्ये तेतोवोच्या पहिल्या स्त्री महापौर. म्हणजे एकटीनं लढून वर आलेली बाई अशी ही गोष्ट नाही. पक्षाचं पाठबळ होतं, आणि पक्षाचे हिशेबही सोबत आलेच असणार. मला ही बाब लपवावीशी वाटत नाही.

खरा मुद्दा आकड्यांत आहे. तिथे उमेदवारांच्या यादीत दर तीन नावांत एक बाई हवी असा कायदा २००६ मध्ये झाला, पुढे प्रमाण ४० टक्के झालं. त्यामुळे नगरपरिषदांमध्ये बायका दिसू लागल्या. पण महापौर थेट निवडून येतो, आणि त्या एका खुर्चीला कुठलाच कोटा नाही. २००९ मध्ये सगळ्या देशात एकही स्त्री महापौर नव्हती. २०१३ मध्ये ८१ पैकी चार, त्यांत तेऊता. २०१७ मध्ये सहा, तेऊता पुन्हा. २०२१ मध्ये त्या हरल्या आणि देशात उरल्या फक्त दोन.

आपल्याकडे १९९३ पासून सरपंचपदालाही आरक्षण आहे, महाराष्ट्रात २०११ पासून निम्मं. तेतोवोच्या बायकांना जे नाही ते आपल्याला आहे. पण आपली खुर्ची चक्रानुक्रमानं फिरते. बाई कामाला लागते, तोवर मुदत संपते, आणि पुढच्या वेळी तिच्याच घरातला पुरुष फॉर्म भरतो. खुल्या जागेवर तिचं नाव सुचवायला पॅनेलवाले कचरतात, आणि खरं सांगायचं तर आपल्या संघटनाही तिथं जोर लावत नाहीत. निवडून आणेपर्यंत आपण सोबत असतो, नंतर दुसऱ्या गावात जातो.

खुल्या जागेवरून उभ्या राहिलेल्या बायका तुमच्या भागात असतील, जिंकलेल्या आणि हरलेल्याही. फॉर्म कुणी भरला, खर्च कुणी केला, घरात काय झालं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू. त्या सरपंच बाईंना मी अंक पाठवायचं कबूल केलं आहे.