बाद झालेल्याचे काय?

मुलांनो, कोणता खेळ चांगला, यावरून मधल्या सुट्टीत तुमच्यात वाद होत असतील. "आमचा खेळ अवघड आहे, तुम्हांला तो झेपणार नाही," असे एक जण म्हणतो. "तुमच्या खेळात नुसती शिवीगाळ चालते, आमच्या खेळातली मुले एकमेकांना मदत तरी करतात," असे दुसरा उत्तर देतो. यवतमाळ असो, पुसद असो की दिग्रस, हा वाद सगळीकडे सारखाच. आज तो मोबाइलवरच्या खेळांवरून होतो, पूर्वी मैदानावरच्या खेळांवरून होत असे.

या वादात दोन गोष्टी असतात. खेळ किती कठीण आहे ही एक, आणि तो खेळणारी मंडळी कशी आहेत ही दुसरी. आपण या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजतो. मला मात्र वाटते की त्या एकाच दोरीची दोन टोके आहेत. खेळात जो पडतो, हरतो किंवा बाद होतो, त्याचे पुढे काय करायचे हे खेळाचा नियम ठरवतो. त्या नियमावरूनच खेळणाऱ्यांना एकमेकांशी वागण्याची सवय लागते.

आधी आपल्या मातीतला खेळ घेऊ. कबड्डी तुम्ही सर्वांनी खेळलेली किंवा निदान पाहिलेली आहे. महाराष्ट्रात तिला हुतूतू म्हणत. आपला जिल्हा अमरावती विभागात येतो. त्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली होती. परंतु कबड्डी काही एकाच पद्धतीने खेळली जात नसे. तिचे तीन प्रकार होते: गामिनी, अमर आणि संजीवनी. मधली रेषा, दम, चढाई, पकड हे सारे जवळपास सारखेच. फरक होता तो बाद होणाऱ्याच्या नशिबात.

गामिनीत खेळाडू एकदा बाद झाला की बाहेर बसतो. त्याच्या संघातले सगळे बाद होईपर्यंत त्याला आत येता येत नाही. सगळे बाद झाले की संघावर लोण चढतो आणि डाव पुन्हा नव्याने सुरू होतो. हा खेळ कठीण खरा. पण यात सर्वांत आधी बाद कोण होतो, याचा विचार करा. जो नवा आहे, लहान आहे, ज्याला अजून पाय मागे घ्यायचे कळत नाही, तोच. म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच सर्वांत जास्त वेळ धूळ झटकत बाहेर बसतो! महिनाभर असे बसल्यावर तो मैदानावर यायचेच सोडून देतो. मग राहिलेले खेळाडू म्हणतात, "बघा, आमचा खेळ किती अवघड, सगळ्यांना जमत नाही."

अमर प्रकारात याच्या अगदी उलट. यात स्पर्श झाला तरी कोणी मैदान सोडत नाही. समोरच्या संघाला एक गुण मिळतो आणि खेळ पुढे चालू राहतो. कोणीच बाहेर बसत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण मैदान कधी रिकामेही होत नाही. शेवटचा एकटा खेळाडू उरला आहे आणि सगळ्या संघाचा भार त्याच्या दमावर आहे, ती छातीत धडधड होण्याची घडी अमरमध्ये येत नाही. सोबती बाद झाला काय आणि न झाला काय, आपल्याला विशेष फरक पडत नाही.

तिसरा प्रकार संजीवनी. संजीवनी म्हणजे मेलेल्याला पुन्हा जिवंत करणारी वनौषधी. उर्दूत तुम्ही आबे-हयात म्हणता, तसेच काहीसे. यात बाद झालेला बाहेर जातो, पण समोरच्या संघाचा एक खेळाडू बाद झाला की आपला एक आत येतो. त्यामुळे बाहेर बसलेला मुलगा रुसून बसत नाही. आपल्या चढाई करणाऱ्याकडे तो डोळे लावून असतो, ओरडून त्याला धीर देतो, कारण त्याचे परत येणे त्या सोबत्याच्या हातात आहे. आणखी एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. जो आधी बाद झाला तोच आधी आत येतो. कर्णधाराला आपला लाडका खेळाडू आधी उठवता येत नाही. आज शालेय स्पर्धांत आणि २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत जो सात-सात जणांचा खेळ दिसतो, तो संजीवनीच्या वळणाचाच आहे. तीन प्रकारांतून हाच टिकून पुढे गेला, याचे मला नवल वाटत नाही.

आता इंटरनेटवरच्या खेळांकडे वळू. त्यांतला एक मोठा प्रकार म्हणजे भूमिका घेऊन खेळायचे खेळ. अमीर हमजाची दास्तान तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. त्यात योद्धे असतात, अय्यार असतात, जादूगार आणि तिलिस्म असतात. अशाच एखाद्या दास्तानीत आपण स्वतः एक पात्र होऊन शिरलो आणि आपल्याबरोबर देशोदेशींची हजारो माणसेही आपापले पात्र घेऊन शिरली, तर कसे होईल? तसाच हा खेळ असतो. राक्षसांशी लढावे, अनुभवाचे गुण मिळवावेत आणि आपल्या पात्राची पातळी वाढवत न्यावी. हा खेळ कधी संपत नाही. म्हणूनच त्यात शेजारपाजार तयार होतो, दोस्ती होते आणि भांडणेही होतात.

'अल्टिमा ऑनलाइन' हा असा एक गाजलेला खेळ १९९७ साली निघाला. त्यात एक खेळाडू दुसऱ्याला मारू शकत असे आणि मेलेल्याचे सामान लुटूनही नेऊ शकत असे. नवखा मनुष्य गावाबाहेर पडला की वाटमारे टपलेलेच. काही खेळाडूंनी एकत्र येऊन दुबळ्यांच्या रक्षणासाठी टोळ्या उभारल्या, हेही सांगितले पाहिजे. तरी पुष्कळ नवे खेळाडू वैतागून खेळ सोडू लागले. शेवटी २००० साली खेळ चालवणाऱ्यांनी त्या जगाचे दोन भाग केले. एका भागात जुना नियम ठेवला. दुसऱ्या भागात समोरच्याची संमती असल्याशिवाय त्याच्यावर हल्ला करता येईना. बहुतेक लोक या दुसऱ्या भागात राहायला गेले. जुने लोक कुरकुरले की खेळातली मजा गेली. मजा गेली हे खरेही असेल. पण ती कोणाची मजा होती, लुटणाऱ्याची की लुटल्या जाणाऱ्याची?

१९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' आला. सुरुवातीच्या वर्षांत हा खेळ फार निष्ठुर होता. पात्र मेले की त्याचे प्रेत सगळ्या शस्त्रांसह आणि चिलखतासह मेल्या जागीच पडून राही. खेळाडू मात्र दूर कुठेतरी रिकाम्या हाताने जागा होई. मिळवलेले अनुभवाचे गुण कमी होत, कधी पातळीही उतरे. प्रेत वेळेत गाठले नाही तर सामान कायमचे जाई. ज्या राक्षसाने मारले, तो तर तिथेच उभा! मग एकट्याने काय करावे? त्याला दुसऱ्याकडे जावेच लागे. कोणी वाट मोकळी करून देई. 'क्लेरिक' नावाचे पात्र घेतलेला खेळाडू मंत्राने त्याला उठवी आणि गेलेले काही गुण परत मिळवून देई. आज मी तुझे प्रेत आणायला आलो, तर उद्या तू माझे आणायला येशील, असा तो व्यवहार होता. जो येत नसे, लूट लपवत असे किंवा वेळेवर पळून जात असे, त्याचे नाव साऱ्या वस्तीत होई आणि मग त्याला कोणी सोबत घेत नसे. खेळ कठीण होता, पण ती कठीणता माणसाला माणसाकडे नेत होती.

पुढे २००४ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि त्याने बाकीच्यांना मागे टाकले. यात मेलेला खेळाडू भूत होऊन आपल्या देहापर्यंत धावत जातो आणि उठतो. गुण कमी होत नाहीत, सामानाची थोडी झीज होते, इतकेच. सामान्य माणसाला हा खेळ परवडला. नोकरी करणारा, घर सांभाळणारा, शाळेत जाणारा, सगळेच त्यात आले. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. ज्याला सकाळी शाळा आहे आणि हंगामात घरच्यांबरोबर कापूस वेचायला जायचे आहे, त्याने हरवलेल्या प्रेतासाठी अर्धी रात्र घालवावी, असे मी कधीच म्हणणार नाही.

परंतु एक बदल मला खटकतो. २००९ च्या डिसेंबरात या खेळात एक सोय आली. राक्षसांच्या भुयारात उतरायला पाच जणांचा गट लागतो. पूर्वी सोबती शोधावे लागत, त्यांना विचारावे लागत असे. आता एक बटण दाबले की यंत्र वेगवेगळ्या वस्त्यांमधले पाच अनोळखी लोक जमवून थेट भुयारात सोडू लागले. काम झाले की पाचही जण पाच दिशांना. पुन्हा भेटण्याची शक्यता कमी, म्हणून चांगले वागण्याची गरजही कमी. चूक झाली तर शिकवण्यापेक्षा मत देऊन हाकलून देणे सोपे. बरेच जुने खेळाडू म्हणू लागले की आम्हांला पूर्वीचाच खेळ परत द्या. तो २०१९ साली परत आणलाही गेला आणि लोक आनंदाने पुन्हा त्या जुन्या गैरसोयीत जाऊन राहिले. २०२३ साली तर त्याच खेळाचा असाही प्रकार निघाला, की ज्यात पात्र एकदा मेले की कायमचे मेले. म्हणजे गामिनीच्याही पुढची पायरी! गामिनीत निदान पुढच्या डावात तरी आत येता येते.

मग यांतला चांगला खेळ कोणता? नुसते कठीण म्हणून मी कोणालाही पहिला नंबर देणार नाही. वाटमारीमुळे कठीण झालेला खेळ नवख्याला पळवून लावतो. बटणावर सोबती देणारा खेळ नवख्याला आत घेतो, पण कोणाशी त्याची ओळख होऊ देत नाही. त्या काळचा 'एव्हरक्वेस्ट' वेळखाऊ होता, तरी संजीवनीचा गुण त्याच्यात होता; पडलेल्याला दुसऱ्याने उठवायचे असते, हे त्याने आपल्या नियमातच बसवले होते. म्हणून माझे मत त्याच्या बाजूने आहे. तुमचे मत वेगळे असू शकते, मात्र ते कारणासह सांगा.

आपल्याकडे संगणकापुढे बसून असे खेळ खेळणारी मुले थोडी. बहुतेकांच्या हाती मोबाइल असतो, तोही पुष्कळदा वडिलांचा किंवा भाईजानचा. 'पबजी मोबाइल'वर आपल्या देशात २०२० साली बंदी आली आणि २०२१ साली त्याच धर्तीचा 'बीजीएमआय' आला. हे खेळ भूमिकेचे नव्हेत, झटपट लढाईचे आहेत. तरी चौघांच्या संघाने खेळताना गोळी लागून खाली पडलेल्या सोबत्याला जवळ जाऊन उठवता येते, ही संजीवनीच म्हणायची. उठवणारा त्या क्षणी स्वतः धोक्यात येतो. म्हणून तिथे खरा प्रश्न उभा राहतो: जायचे की नाही? चौघांतला चौथा नवखा असेल, तर पुष्कळ मुले जात नाहीत. "नूब आहे, मरू दे," असे म्हणून पुढे निघून जातात. नियमाने दार उघडे ठेवले, पण दारातून जायचे की नाही ते शेवटी खेळणाऱ्याच्या हातात.

त्यातच बोलण्याचा प्रश्न येतो. खेळताना सगळे एकमेकांशी बोलत असतात. कोणी वऱ्हाडी ढंगाची मराठी बोलतो, कोणी हिंदी, कोणी तुमच्यासारखी उर्दू. एखाद्याचा उच्चार वेगळा आला की हसणारे निघतातच. खरे तर मैदान, बाजी, शाबास हे आपल्या खेळांतले रोजचे मराठी शब्द फारसीतून आलेले आहेत आणि तेच तुमच्या उर्दूतही आहेत. ज्याला उच्चारावरून एकदा हसले गेले, तो पुढच्या वेळी माइक बंद ठेवतो. मग शत्रू कुठून येतो आहे हे त्याला दिसले तरी तो सांगत नाही, आणि त्याच्याबरोबर हसणारेही मारले जातात!

माझे म्हणणे तुम्हांला पटले नसेल तर ते तपासून पाहता येईल. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पाय रुततात, म्हणून मैदान चांगले वाळल्यावर चौदा जण जमवा. एक डाव गामिनीचा खेळा आणि दुसरा संजीवनीचा. खेळाडू तेच ठेवा. कडेला एकाला घड्याळ घेऊन बसवा. सर्वांत लहान खेळाडू प्रत्येक डावात किती मिनिटे बाहेर होता, ते त्याने वहीत लिहावे. बाहेर बसलेली मुले त्या वेळी कशाबद्दल बोलत होती, खेळाबद्दल की आणखी कशाबद्दल, तेही त्याने शेजारी लिहून ठेवावे.