आमची संख्या मोजा, पण नीट मोजा

निवडणूक जवळ आली की आपल्या शहरात दोन विषय हमखास निघतात. एक पाणी आणि दुसरा मुसलमानांची लोकसंख्या. पाण्याचं काय होतं ते आपण जाणतोच. डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे खर्च 2,740 कोटींवर गेला. नळाला किती दिवसाआड पाणी येतं हे रोशन गेटपासून सिडकोपर्यंत प्रत्येक घरातल्या बाईला तोंडपाठ आहे. लोकसंख्येच्या विषयाला मात्र ना निधी लागतो ना भूमिपूजन. माइकवरून कुणी "ते वाढत चाललेत" एवढं म्हटलं की काम झालं.

आता हा विषय चौकातल्या सभेपुरता राहिलेला नाही. 15 ऑगस्ट 2025 रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घुसखोरीचा उल्लेख करत लोकसंख्येच्या बदलावर 'उच्चाधिकार डेमोग्राफी मिशन'ची घोषणा केली. दुसरीकडे 2021 ला व्हायला हवी होती ती जनगणना रखडत रखडत 2027 वर आली. म्हणजे भाषणं आधी आणि मोजणी नंतर. म्हणून आम्हाला वाटलं, भावना जरा बाजूला ठेवून सरकारचेच आकडे एकदा समोर मांडावेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 मध्ये पहिल्यांदा झालं. तेव्हा देशात एका मुस्लिम स्त्रीला सरासरी 4.4 मुलं होत होती आणि हिंदू स्त्रीला 3.3. पाचवं सर्वेक्षण 2019-21 चं. त्यात मुस्लिम स्त्रीमागे 2.36 आणि हिंदू स्त्रीमागे 1.94 मुलं. म्हणजे तीस वर्षांत आमच्याकडे दोन मुलं कमी झाली, तिकडे सव्वा-दीड. दोघांतला फरक एका मुलाहून जास्त होता, तो अर्ध्याच्याही खाली आला. लोकसंख्या आहे तिथे स्थिर राहायला स्त्रीमागे 2.1 मुलं लागतात असं धरतात. महाराष्ट्र त्या खाली केव्हाच गेला आहे. याच पाचव्या सर्वेक्षणात राज्याचा आकडा 1.7 आहे.

दुसरा आकडा आणखी बोलका आहे. याच सर्वेक्षणात बिहारमधल्या हिंदू स्त्रीमागे 2.88 मुलं आहेत, केरळमधल्या मुस्लिम स्त्रीमागे 2.25. आता सांगा, मुलं किती व्हावीत हे मजहब ठरवतो की मुलीची शाळा, दवाखाना आणि घरातली कमाई ठरवते? ज्या राज्यात मुली शिकल्या तिथे सगळ्यांचीच मुलं कमी झाली. माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी यांनी 2021 मध्ये या विषयावर अख्खं पुस्तकच लिहिलं आहे. पण पुस्तक वाचायला वेळ लागतो, व्हॉट्सॲपचा मेसेज पुढे ढकलायला लागत नाही.

चार बायकांचा मुद्दाही इथेच निकालात काढू. पाचव्या सर्वेक्षणात नवऱ्याला आणखी बायका असल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण मुसलमानांत 1.9 टक्के, हिंदूंत 1.3 टक्के. आणि साधा हिशेब असा की मुलं बाई जन्माला घालते. दोन बायका एका घरात राहिल्या काय किंवा दोन घरांत राहिल्या काय, समाजातल्या बायकांची संख्या तेवढीच राहते.

मे 2024 मध्ये, ऐन लोकसभेच्या धामधुमीत, पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा एक निबंध गाजला. 'मुस्लिम 43 टक्क्यांनी वाढले, हिंदू 8 टक्क्यांनी घटले' अशा बातम्या चालल्या. ऐकणाऱ्याला वाटलं, हिंदूंची माणसं कमी झाली. प्रत्यक्षात तो हिशेब वाट्याचा होता. 1950 ते 2015 या काळात मुसलमानांचा वाटा 9.84 टक्क्यांवरून 14.09 टक्क्यांवर गेला. वाढ सव्वाचार टक्क्यांची, तीही पासष्ट वर्षांत. या सव्वाचारला मूळच्या 9.84 ने भागलं की 43 टक्के येतात. गणित बरोबर आहे, पण टीव्हीवर ते कोणत्या हेतूने दाखवलं गेलं हे न समजण्याइतके आम्ही भोळे नाही.

तरीही एक गोष्ट आम्ही लपवणार नाही, कारण लपवली की समोरच्याला तीच सापडते. आमचा वाटा वाढला आहे आणि अजून काही वर्षं थोडा थोडा वाढेल. आपल्या समाजात तरुण वयाचे लोक जास्त आहेत. एखाद्या मोहल्ल्यात लग्नाच्या वयाच्या मुली जास्त असतील, तर प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी पाळणे जास्तच हलणार. मागच्या पिढीत चार-पाच मुलं होती, तीच आता आई-बाप झाली आहेत. ही वाढ मागच्या पिढीची उधारी आहे आणि ती फिटत आली आहे. जनगणनेतही तेच दिसतं. मुसलमानांची दहा वर्षांची वाढ 1991 ला 32.9 टक्के होती, 2001 ला 29.5, आणि 2011 ला 24.6.

आता आपल्या शहराकडे या. 2011 च्या जनगणनेत औरंगाबाद महापालिकेची लोकसंख्या 11,75,116 होती (तेव्हा तक्त्यात नाव हेच होतं). त्यात हिंदू 51 टक्के, मुस्लिम 31 टक्के आणि बौद्ध 15 टक्के. 1991 ला हेच शहर 5,73,272 चं होतं. वीस वर्षांत दुप्पट! एवढी माणसं पाळण्यातून येत नाहीत, ती एसटीने येतात. 1972 च्या दुष्काळाने माणसं गावातून उठवली, चिकलठाणा आणि नंतर वाळूजच्या एमआयडीसीने त्यांना काम दिलं, सिडकोने घरं बांधली. मिलिंद महाविद्यालय आणि विद्यापीठाने शिकणारी पोरं आणली. जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडून जो तो इकडे आला. कुणी मुकुंदवाडीत राहिला, कुणी नारेगाव-मिसारवाडीत. तसं पाहिलं तर हे शहर पहिल्यापासूनच बाहेरच्यांचं. 1610 मध्ये ज्याने खडकी वसवली आणि नहरींचं पाणी आणलं, तो मलिक अंबर हबश देशातून गुलाम म्हणून आला होता. आणि त्याच्या शहरात आज 'बाहेरचे कोण' याची चौकशी चालते.

खरा प्रश्न वाढीचा नाही, जुन्या मोजणीचा आहे. जानेवारी 2026 ची महापालिका निवडणूक 115 जागांसाठी झाली, प्रभाग पाडले 2011 च्या लोकसंख्येवर. सातारा-देवळाईसारखा भाग तेव्हा महापालिकेत नव्हताच. नारेगाव, पडेगाव, मिटमिटा या बाजूला पंधरा वर्षांत केवढी वस्ती झाली, ती कागदावर कुठेच नाही. अन्नसुरक्षेच्या धान्याचा कोटाही 2011 च्याच आकड्यावर ठरलेला. म्हणून रेशन कार्डावर सुनेचं किंवा नातवाचं नाव चढवायला गेलं की "इष्टांक संपला" हे उत्तर मिळतं. आमच्यातल्या कितीतरी जणांनी ते ऐकलं आहे, आणि हिंदू-बौद्ध शेजाऱ्यांनीही ऐकलं आहे. भाषणात आम्ही जास्त असतो, धान्याच्या यादीत मात्र कमी.

घराच्या आतही बघायला हवं. 2011 मध्ये देशात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुस्लिम मुली 943 होत्या, हिंदूंत 913. आमच्याकडे पोरीला पोटात मारत नाहीत, हे चांगलंच. पण जन्मलेल्या पोरीचं पुढे काय करतो? महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रिया पाचव्या सर्वेक्षणात 22 टक्के निघाल्या, आणि मराठवाड्याचे जिल्हे यात राज्याच्या पुढे आहेत. हा दोष सगळ्या समाजांचा आहे, आपलाही आहे. ज्या शहरात डॉ. रफिक झकेरिया यांनी 1963 मध्ये मौलाना आझाद कॉलेज उभं केलं, पुढे नवखंड्यात मुलींचं कॉलेज झालं, तिथे दहावीनंतर "आता बस्स झालं" म्हणणारे बाप अजून भेटतात. आज आपल्याकडे तरुण जास्त आहेत. वीस-पंचवीस वर्षांनी हेच म्हातारे होतील आणि त्यांच्यामागे दोन-दोनच मुलं असतील. गॅरेजवर, गाड्यावर, रोजंदारीवर गेलेल्या या पिढीला ना पेन्शन ना फंड. त्यांचं म्हातारपण कोण बघणार, यावर आमच्या जलशांत एक तकरीर ऐकल्याचं आठवत नाही.

आणि गंमत बघा. दोनपेक्षा जास्त मुलं असली तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीलाही उभं राहता येत नाही, 2001 पासून. पण डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात सरसंघचालकांनी लोकसंख्येचा दर 2.1 च्या खाली जाऊ नये, म्हणून दोनपेक्षा जास्त, तीन मुलं हवीत असं सांगितलं. त्याच सुमारास आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांतली दोन मुलांची अट काढून टाकली. मुलं कमी होण्याची काळजी आता सगळ्यांनाच लागली आहे. 'आमचीच वाढवा आणि त्यांचीच कमी करा' असा कायदा करता येत नाही एवढीच अडचण.

नव्या जनगणनेत घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर 2026 मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये आहे. एनआरसीच्या काळातली भीती लोकांच्या मनातून गेलेली नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. जनगणनेत कागद दाखवावा लागत नाही, आणि 1948 च्या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तुम्ही दिलेली माहिती गुप्त राहते, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. दार लावून घेतलं तर नुकसान आपलंच आहे.

यावेळी जातही विचारणार आहेत, सगळ्यांना. "आमच्यात जात नाही, फक्त मुसलमान लिहा" असं सांगण्याआधी विचार करा. दीन म्हणून ते खरं आहे, पण बागवान, मोमीन, कुरेशी, तांबोळी, पिंजारी, अत्तार, मनियार यांना ओबीसीच्या ज्या सवलती मिळतात, त्या बिरादरीच्या नावावरच मिळतात. त्यासाठी जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी गावोगाव फिरून चळवळ उभी केली, दिलीपकुमार त्यांच्याबरोबर उभे राहिले. दाखल्यावर जी जात आहे तीच तिथे सांगा, प्रत्येक भावाने वेगळी नको.

अजून एक. जनगणनेत कुटुंब चुलीवरून मोजतात. एका गेटच्या आत तीन भाऊ आणि दोन भाडेकरू राहत असतील आणि स्वयंपाक वेगळा असेल, तर ती पाच कुटुंबं आहेत. मोजायला येणारे बहुतेक शाळेचे मास्तर किंवा बाई असतात आणि येतात बहुधा दुपारी, तेव्हा पुरुष कामावर असतात. दारात जाणार घरातली बाई. तिला आजच बसवून सगळ्यांची वयं, शिक्षण, जात, मातृभाषा काय सांगायची ते ठरवा. जुम्याच्या नमाजनंतर मशिदींतून दोन मिनिटांचं ऐलान झालं तरी चालेल, पण त्या ऐलानात पोरींची आणि म्हाताऱ्या आईची नावं सुटता कामा नयेत हेही सांगायला हवं. मागच्या वेळी काही घरांतून तीच सुटली होती.