'मठ्ठ' म्हणण्यापूर्वी

वर्गात जो विद्यार्थी मागे पडतो, त्याला 'मठ्ठ' म्हणून मोकळे होणे फार सोपे असते. मास्तर त्याच्या आळसाला बोल लावतात, वडील नशिबाला. आणि तेच तेच ऐकून तो मुलगाही स्वतःला मठ्ठ मानू लागतो. परंतु बुद्धीची मंदता दर वेळी जन्मजातच असते असे नाही. कधी कधी ती बाहेरून शरीरात शिरलेली असते. शिसे हा धातू याचे ठळक उदाहरण होय.

अमेरिकेतील डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील चेल्सी व सॉमरव्हिल येथील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. रक्तातील शिसे कालांतराने उतरते, दातांत मात्र ते साठून राहते. म्हणून दात म्हणजे बालपणाची जणू खातेवहीच! 1979 साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे दिसले की, ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते त्यांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा सरासरी सुमारे 4 अंकांनी कमी होता. ही मुले दिसण्यात निरोगी होती. दातांत काय आढळले याची शिक्षकांना कल्पना नव्हती. तरीही शिसे जसजसे अधिक, तसतसे 'लक्ष लागत नाही', 'सांगितलेले साधे काम जमत नाही' अशा आशयाचे शेरे अधिक. पुढे यांतील काही मुलांची पुन्हा तपासणी झाली. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, अधिक शिसे असलेल्यांत शाळा अर्धवट सोडण्याचा संभव सुमारे सातपट होता.

असे का व्हावे? शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते व त्याला आत घेते. पोटात गेलेले शिसे लहान मुलांच्या शरीरात प्रौढांच्या चार ते पाच पट शोषले जाऊ शकते. आणि नेमका त्याच वयात मेंदू घडत असतो. झालेली हानी औषधाने भरून येत नाही. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही.

कोणी म्हणेल, चार अंकांनी असे काय बिघडते? हुशार मुलाचे कदाचित फारसे बिघडणार नाही. पण जो काठावर उभा आहे, त्याला एवढा धक्काही पुरतो. आणि असा धक्का लक्षावधी मुलांना बसला, तर हानी साऱ्या राष्ट्राची होते.

यावर उपाय आहे, हीच आशेची गोष्ट. 1976 ते 1980 या काळात अमेरिकेतील पाच वर्षांखालील मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला सरासरी सुमारे 15 मायक्रोग्रॅम शिसे होते. पेट्रोल, रंग इत्यादींतून शिसे काढल्यावर आज ते 1 च्याही खाली आले आहे. मुलांना छडी मारून हे साधले नाही, कायद्याने साधले.

आपल्या देशातही 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर दर दशलक्ष भागांत 90 भागांची मर्यादा घालणारे नियम 2016 साली झाले. तथापि जुन्या भिंतींचे पोपडे अजून गळतात आणि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्या भट्ट्या वस्त्यांलगत धुमसतात. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. त्यांत सर्वाधिक मुले भारतातील आहेत.

मागे पडणारे प्रत्येक मूल शिशानेच ग्रासलेले असते, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, दोष ठरविण्यापूर्वी कारण शोधावे. शाळांच्या वैद्यकीय तपासणीत, निदान अशा भट्ट्यांजवळच्या वस्त्यांत तरी, रक्तातील शिशाची परीक्षा व्हावी. पालकांनी पोपडे सुटलेल्या भिंतींपासून मुलांना दूर ठेवावे, घरातील धूळ ओल्या फडक्याने पुसावी व जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी. आणि विद्यार्थिमित्रांनी आपल्या मागे पडलेल्या सोबत्याला हिणवू नये. रोग रेड्याला नि औषध पखालीला, हा न्याय शाळेत तरी चालता कामा नये. भिंतीतल्या विषाची शिक्षा बाकावरच्या मुलाने का भोगावी?