नकाशा भरणे आणि नकाशा वाचणे

भूगोलाच्या उत्तरपत्रिकेला जोडलेला भारताचा कोरा नकाशा आपल्यापैकी बहुतेकांनी 'भरला' आहे. वाचला मात्र क्वचितच कुणी. साहित्याच्या वर्गात कवितेचे जे होते तेच इथेही होते: अर्थ आधी ठरतो, वाचन नंतर, झालेच तर. आम्हांला वाटते, दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या हाती भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा आणि एक साधे होकायंत्र द्यावे व त्यांना एखाद्या टेकडीवर न्यावे. सेंटिमीटरभर कागद म्हणजे ५०० मीटर जमीन. लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटरची चढण. रेषा दाटल्या की चढ उभा, हे पाठ करणे वेगळे आणि पोटऱ्यांना कळणे वेगळे. (होकायंत्र कातळावर मात्र टेकवू नये, सह्याद्रीच्या बेसाल्टमधले मॅग्नेटाइट सुईला फितवू शकते.) मोबाइलवरचा निळा ठिपका 'तू इथे आहेस' असे सांगून मोकळा होतो. कागदी नकाशा ते सांगत नाही. समोरचे देऊळ, ओढ्याचे वळण आणि सुईने दाखवलेली दिशा यांची सांगड घालून मुलाने ते स्वतः ठरवायचे असते. चुकले तर पुढच्याच वळणावर, गुरुजींनी लाल रेघ मारण्याआधी, ते त्याचे त्यालाच कळते.